पाव फेरा

मीना अब्दुल्लाच्या कॅम्पात, मेसच्या दाराशी,
फ्रीजर आणि चपलांच्या रॅकच्या मधे
ते यंत्र उभं आहे. फाहाहीलच्या मॉलने टाकून दिलेलं,
काच कोपऱ्यात तडकलेली, वर चिकटपट्टी.
आत कापसाची जनावरं,
वरून लोंबणारा तीन बोटांचा पंजा,
मधोमध गुलाबी हत्ती.
शंभर फिल्सचं नाणं टाकायचं, दांडी हलवायची, बटण दाबायचं.
पंजा उतरतो, हत्तीचा कान धरतो,
उचलतो, जरासा,
आणि सोडतो.

किल्ली माझ्याकडे असते.
मी लतीफ परकार, स्टोअरकीपर, गाव बाणकोटच्या खाडीवर.
महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी रात्री डबा उघडतो,
नाणी चादरीवर ओततो.
प्रत्येक नाण्यावर एक गलबत.
चारशे-पाचशे गलबतं, शिडं उभारलेली,
एकही कुठे जात नाही.

मग कुंजुमोन अर्ज वाचतो.
शफीकुलचा चष्मा: आठ दिनार, मंजूर.
मुरुगन वारला, त्याची ट्रंक घरी पोचवायची: मंजूर, न बोलता.
बी ब्लॉकच्या कूलरचा फिल्टर.
एकाने लग्नासाठी सूट मागितला. नामंजूर.
बराच वेळ हसून झाल्यावर टाय मंजूर.
चौदा नंबरचा उस्मानी म्हणाला, हा जुगाराचा पैसा,
आणि त्याने कूलरचं पाणी सोडलं. चार दिवस.
पाचव्या दिवशी ऊन पन्नासावर गेलं.
तो पाणी प्यायला, माझ्याकडे न बघता.
त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
अजून नाही.

कारण पंजाच्या मागे एक स्क्रू आहे.
घट्ट केला तर पंजा पकडतो,
ढिला केला तर नुसता कुरवाळतो.
आम्ही पाव फेरा ढिला ठेवतो.
चष्म्याची काच, ट्रंकेचं भाडं, तो टाय,
सगळं त्या पाव फेऱ्यातून आलेलं.

यादगिरी, करीमनगरचा, स्कॅफोल्डिंगवाला.
रोज तीन नाणी. चार वर्षं.
कधी अर्ज केला नाही.
आता कायमचा घरी निघाला, तेव्हा बैठकीत येऊन उभा राहिला.
पैसे नकोत, म्हणाला. हत्ती द्या.
मुलगी दोन वर्षांची होती तेव्हा तिला फोनवर दाखवला होता,
तिने त्याचं नावही ठेवलंय.

कुंजुमोनने कागदावर आकडेमोड केली.
हत्ती गेला तर नाणी कोण टाकणार?
शफीकुलने नवा चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.
नाही कुणी म्हणालं नाही.
हो कुणी म्हणालं नाही.
मी वहीत लिहिलं: पुढील बैठकीत विचार.
त्याचं विमान रविवारी होतं.

त्या रात्री मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन गेलो.
घट्ट आवळला. कुणाला बोललो नाही,
त्यालाही नाही. वाटलं, रोजची तीन नाणी तो टाकेलच.
सकाळी यादगिरी दात घासत यंत्रासमोरून गेला,
थांबला नाही.
संध्याकाळी एक नवा पोरगा, नेपाळातल्या सिराहाचा,
अंगावर युनिफॉर्मच्या घड्या तशाच,
पहिलंच नाणं टाकलं.
पंजाने हत्तीची मान धरली
आणि सोडलीच नाही.
अख्ख्या मेसने ताटं बडवली.
यादगिरीनेही. चमच्याने.

पुढच्या गुरुवारी चादरीवर एकशे चाळीस गलबतं,
अर्ज तीन.
आता आत निळं अस्वल ठेवलंय,
कुणाचा जीव बसत नाही त्याच्यावर.
स्क्रू पुन्हा पाव फेरा ढिला.

जेवून उठताना मी एक नाणं टाकतो.
पंजा उतरतो, अस्वलाचा कान धरतो.
किती ढिला आहे ते मलाच ठाऊक,
तरी काचेला नाक लावून बघतो.